सईची पोटरी

रविवार, संध्याकाळ

सईची पोटरी महिनाभर धरतेय, म्हणून आज तिला पापडी गावात स्पोर्ट्स मसाजला नेलं. मला वाटलं, तेल लावून रगडतील. तसं नव्हतं. मसाज करणाऱ्या बाईंनी आधी तिला चालायला लावलं, टाचा उचलायला लावल्या. मग पोटरीत अंगठा रोवत म्हणाल्या, "दुखलं की दहापैकी किती ते सांग. त्यावर मी जोर ठरवते. इथे सहन करत बसू नको."

सईने आधी माझ्याकडे पाहिलं. "दोन."

दोन? चादर मुठीत घट्ट आवळली होती तिने. भुईगावच्या किनाऱ्यावर वाळूत तिला पळवताना मीच सांगत आलोय, दुखतं म्हणायचं नाही, म्हटलं की पाय थांबतो. लोकांनाही अभिमानाने सांगायचो, माझी पोरगी कधी रडत नाही.

बाईंनी जोर वाढवला. पुन्हा माझ्याकडे नजर, पुन्हा "दोन". मूठ तशीच. मी बोलायला हवं होतं. का नाही बोललो?

"बाबा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" बाई म्हणाल्या.

पडद्याबाहेर जाऊन बसलो. आत बाईंनी तोच प्रश्न विचारला आणि सई लगेच म्हणाली, "नऊ."