वारा शेजारच्या अंगणातून

३ मार्च
उस्मानपुऱ्यातली शाळेची जागा पुन्हा मोजली. मोजून काय वाढणार! दोन्ही अंगांना भिंतीला भिंत, पुढं रस्ता. मोकळी बाजू एकच, मागची, पश्चिमेची. तिकडं रुकय्याखालांचं अंगण. वारा येईल तो तिथूनच.
जुन्या पत्र्याच्या वर्गात सहावीची एक मुलगी घेरी येऊन पडली. मुख्याध्यापिका कुलकर्णीबाई तिच्या डोक्यावर पाणी थोपटत म्हणाल्या, "मॅडम, नवी इमारत दिसायला कशी का असंना, लेकरं शिजू नयेत एवढं बघा." बघते म्हणाले. 

९ मार्च
वरच्या मजल्यावरच्या वर्गांना मागच्या भिंतीत विटांची जाळी. बसलेल्या पोरांच्या डोळ्यांच्या वर सुरू होणार, म्हणजे खालांच्या अंगणात नजर जायला नको. स्वतःवर जाम खूश. दोन कप चहा.

१२ मार्च
कु.बाईंना घेऊन खालांकडं. चहा, खारी. नकाशाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.
"बाई, माझी सून इथं केस वाळवती. तुमची पोरं वरून बघणार नाय ना?"
मी ऐटीत, बाकावर बसल्यावर काहीच दिसत नाही खाला.
कु.बाईंनी कप खाली ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अहो, बाई वर्गात आल्या की सगळा वर्ग उठून उभा राहतो. नमस्ते म्हणायला."
मी स्वतः शाळेत रोज उठून नमस्ते केलंय! आणि नकाशात पोरं बाकाला खिळे मारून बसवली. धन्य.

१३ मार्च
शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांचा फोन. "भिंत बंद करून टाका, पंखे लावू. शेजाऱ्यांशी भानगड नको." लाईट गेल्यावर? त्यावर "बघू". त्यांची अट: खालांचा होकार आला तरच जाळी, नाहीतर बंद भिंतीचा नकाशा महापालिकेत.
चिडून घरी उगाच सगळ्यांवर खेकसले.

१९ मार्च
शाळेच्या जुन्या ऑफिसच्या गच्चीवर, खालांच्या अंगणाच्या बाजूला जाळीचा नमुना उभा केला, वर्गासारखं वाटावं म्हणून वर नि दोन्ही बाजूंना ताडपत्री बांधून. यावेळी विटा तिरक्या, बाहेरच्या बाजूला वर चढत्या. उभं राहिलं तरी आभाळच दिसतं. वर रुंद छज्जा लागेल, नाहीतर पावसात शेवटचा बाक भिजणार.
कु.बाईंनी वर्गातला बाक वर आणवून त्यावरून चार वेळा उठून नमस्ते केलं. खूप हसलो.

२३ मार्च
संध्याकाळी खाला गच्चीवर आल्या, सून शबाना सोबत. खाला बाकावर बसल्या, उभ्या राहिल्या, टाचा उंचावून पाहिलं.
"कुछ नै दिखता," म्हणाल्या. मग, "बनाव बाई. बच्चे हैं."
इतकं बरं वाटलं की त्यांचा हात धरला.
शबाना जाळीला गाल लावून उभी. "लई गार लागतंय इथं." मग सहज विचारावं तसं, "ताई, हा वारा आमच्या अंगणावरूनच येतो ना? दिराचं लग्न ठरलंय. अंगणात दोन मजली खोल्या काढायच्यात. मग?"
खाला तिला गप्प करायला गेल्या. पण तिनं काय चुकीचं विचारलं? त्यांचं अंगण, त्यांचं घर वाढणार. आणि एका मजल्याची सगळी पोरं मी त्या अंगणाच्या भरवशावर बसवलीत.
दिवाळीनंतर ते खोल्यांचं काम काढणार म्हणे. तोवर आमचं जोतंसुद्धा झालेलं नसेल.
नकाशा परवा महापालिकेत द्यायचाय. जाळी अजून पुसलेली नाही.