बाबांच्या हातांबद्दल

बाबा,

तुम्हाला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय. मी शाळेच्या हॉलमध्ये आहे, आपल्या गल्लीचं दुरुस्ती केंद्र आज तिथं भरलंय.

लोक भंगारात निघालेले पंखे, मिक्सर, इस्त्र्या घेऊन येतात आणि आल्या आल्या विचारतात, "बाबा कुठायत?" आजवर मी सर्दी, पाठदुखी, पाहुणे असं काहीबाही सांगत आले. आता माझ्याकडची कारणं संपली. मागच्या वेळी केंद्रात शिवणवाल्या काकूंना खरं सांगून टाकलं, की तुमचे हात थरथरतात, स्क्रू धरवत नाही. तुम्हाला न विचारता सांगितलं, त्याचा राग धरा हवा तर.

काकू म्हणाल्या, "मला तरी सुईचं भोक कुठं दिसतंय? दोरा दुसरंच कुणी ओवून देतं. त्यांनी नुसतं बसून सांगावं, हात आमचे आहेत."

मला रडू येत होतं, पण समोर रांग होती.

दमलेय मी, बाबा. केंद्रात बसायचं नसेल तर नका बसू, पण तसं इथं येऊन तुमचं तुम्हीच सांगा. तुमच्या वतीनं मी आता काही सांगणार नाही.

धाकटी