पुढच्या सीटखालचं पाणी

गुंजवणे,
२० नोव्हेंबर

प्रिय धनादादा,

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू माझं पहिलं वाक्य ऐकतोस, दुसऱ्याला "बघू गं" म्हणतोस आणि तिसऱ्याला मीटिंगमध्ये असतोस. कागदाशी तसं करता येत नाही. तेव्हा एकदा निवांत बैस आणि शेवटपर्यंत वाच. गाडीबद्दल लिहिते आहे आणि आईबद्दल. एक तारखेला तू तिला त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत नेऊन ठेवणार आहेस, फॉर्म भरून झाला आहे, हे वहिनींनी मला सांगितलं. तुझ्या तोंडून कळलं असतं तर बरं झालं असतं. असो. त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडलं पाहिजे, म्हणून मी स्वतः वेल्ह्याला जाऊन पोस्टात टाकणार आहे.

आधी गाडीचं. उन्हाळ्यापासून तू सांगतो आहेस, भंगारात घाल. नाही घातली, घालणारही नाही. धरणात शेत गेल्यावर आबांनी ही जीप घेतली. तिच्यावर तुझं कॉलेज झालं. मी नवऱ्याचं घर सोडून माघारी आले तेव्हा आबांनी एका शब्दानं काही विचारलं नाही, फक्त किल्ली माझ्या हातात ठेवली. गुंजवण्यातून साखर, मार्गासनी करत नसरापूरपर्यंत, तेरा वर्षं मी वडाप करते आहे, पॅसेंजर ने-आण करते आहे. सुरुवातीला बाई चालवते म्हणून लोक देवाचं नाव घेऊन बसायचे, आता माझ्या गाडीत झोपा काढतात. आणि आबा गेल्यावर आई पुढच्या सीटवर दाराशी बसायला लागली ते तर तू पाहिलंच आहेस. हाका मारणं, म्हाताऱ्यांना हात देऊन वर घेणं, कुणी पिऊन आलं तर त्याला खाली उतरवणं, सगळं तिच्याकडं. पॅसेंजर मला नाही, तिला घाबरायचे. त्र्याहत्तर वर्षांची बाई, पण गाडी तिच्या आवाजावर भरायची.

तर उन्हाळ्यात गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं. सकाळी काठोकाठ भरलेला रेडिएटर दुपारी चार बोटं खाली. थेंब मात्र कुठं दिसेना. मी रोज मुक्कामाला गाडीखाली पुठ्ठा अंथरायचे, सकाळी तो खडखडीत कोरडा. आबांची पद्धत तुला आठवत असेल. साखरच्या ओढ्याशी थांबायचं, कॅन भरून आणायचा, फडकं धरून झाकण उघडायचं आणि वरपर्यंत ओतायचं. मीही तेच करत राहिले. मी विसरले तर पॅसेंजरांतलं कुणीतरी आपणहून उतरून पाणी घालायचं. जुनी गाडी, तिला पाणी लागणारच, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. जून लागला, पाऊस सुरू झाला, आईला तू घेऊन गेलास, आणि माझं निम्मं लक्षच गाडीवरून उडालं.

दिवाळीच्या आधी चढावर गाडी दोनदा तापली तेव्हा मी हात धुऊन मागं लागले. कामथडीच्या जगन मिस्त्रीकडं नेली. त्यानं झाकण बदललं, पाइप बदलले, क्लिपा आवळल्या, वॉटर पंप खोलून पाहिला. पाणी जायचं ते जातच होतं. मग त्यानं हातपंप लावून आतला दाब वाढवला. काटा सावकाश खाली यायचा आणि बाहेर टिपूस नाही. "ताई, भाईर न्हाई म्हंजी आत जातंय. इंजिन खोलावं लागंल," असं तो म्हणाला. तुला फोन केला तर तुझं तेच, भंगार. पण मी काही कालची ड्रायव्हर नाही. इंजिनात पाणी शिरलं की ऑइल दुधाच्या चहासारखं होतं आणि मागून पांढरा धूर येतो. माझी ऑइलची काडी स्वच्छ होती, धूर नव्हता. मी जगनला सांगितलं, ज्या इंजिनानं काही केलेलं नाही ते मी नुसत्या संशयावरून फाडू देणार नाही.

हे वाक्य बोलताना मला काही वाटलं नाही, दादा. त्याची आता लाज वाटते.

मग मी माझ्या मनानं एक केलं. रेडिएटरमधलं सगळं पाणी सोडून दिलं. ओढ्याचं पाणी ओतून ओतून कूलंटचा रंग कधीच गेला होता, आत गंज मिसळलेलं फिकट पिवळं पाणी उरलं होतं. ते मी बादलीत पाहिलं आणि ओतून दिलं, डोक्यात काही आलं नाही. त्या जागी नवं कूलंट भरलं, एक पेलाही साधं पाणी न घालता, हिरव्या बांगड्यांसारखं गडद. आणि पॅसेंजरांना बजावलं की ओढ्याशी गाडी थांबेल, पण बॉनेटला कुणी हात लावायचा नाही. जिथं हिरवं दिसेल तिथं चोर. तिसऱ्या दिवशी नसरापूरच्या स्टँडवर गेनबा तात्या पुढच्या सीटवरून उतरले. पांढरं धोतर घालून पाहुण्यांकडं निघाले होते बिचारे. खाली बघितलं आणि मला हाक मारली, "मंगल, तुज्या गाडीनं माजं धोतार रंगावलं. आता पावण्यांकडं कसा जाऊ म्या?" धोतराचा काठ हिरवा, टाचा हिरव्या. स्टँडवरची सगळी माणसं हसली.

मी मात्र तशीच दाराशी गुडघे टेकून बसले. सीटपुढचं गोणपाट उचललं, ते ओलंचिंब आणि हिरवं. त्याखालची चटई हिरवी, चटईखालचा जाड लोकरी नमदा हिरवा. म्हणून तर खाली पुठ्ठ्यावर थेंब पडत नव्हता, सगळं हे पीत होते. हात घालून वर चाचपत गेले तर डॅशबोर्डच्या मागं एक पत्र्याची गरम डबी लागली, आणि तिच्या कोपऱ्यातून थेंब थेंब गळत होतं. तो हीटर आहे, दादा. आबांनी ज्या फौजी माणसाकडून गाडी घेतली त्यानं बर्फाच्या मुलखात असताना बसवून घेतलेला. आपल्याकडं कुणाला तो लागणार? सगळे विसरूनच गेलो. पण तुला ते लाल बटण आठवत असेल. वरंध्याला गेलो होतो तेव्हा थंडी वाजते म्हणून तू ते ओढलंस आणि ते तुझ्या हातातच आलं. आबा ओरडतील म्हणून आपण दोघांनी ते तसंच खोचून ठेवलं. तेव्हापासून हीटरचा नळ उघडाच राहिला, इंजिनातलं गरम पाणी त्या डबीतून फिरत राहिलं, आणि डबी आतून कुजत गेली. गाडी चालू असेल आणि पाणी तापलेलं असेल तेव्हाच गळायची. थेट पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पायावर.

आता मे महिना आठव.

तू तिथं नव्हतास, तुला मी सांगितलं तेवढंच माहीत आहे. बाजाराचा दिवस होता, गाडी भरलेली होती. नसरापूरला आई उतरली आणि तिच्या पायाखालची चटई ओली, लुगड्याचा काठ ओला, पाणी पिवळट. मी अकरा माणसांसमोर, अगदी समजूतदार आवाजात तिला म्हटलं, आई, सांगायचं ना, गाडी थांबवली असती. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "म्या न्हाई केलं गं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, असू दे, वय झालं की होतं. वास आला नव्हता. तो यायला हवा होता हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या महिन्यात आणखी तीनदा तसंच झालं. दुसऱ्या वेळी ती काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी तिनं स्वतःच आधी खाली वाकून पाहिलं. मी तिच्या पायाखाली गोणपाट टाकलं आणि वर म्हटलं, आता काळजी नको. आपल्या आईला आपण काय सांगितलं बघ. पुढं तिला स्वतःचाच भरवसा राहिला नाही.

तिनं पाणी पिणं सोडलं. सकाळी मी तांब्या भरून द्यायचे आणि ती तो मागल्या दारी कढीपत्त्याला ओतायची. मी दोन-चारदा पाहिलं आणि वाटलं, झाडाची माया. मेच्या उन्हात दिवसभर गाडीत कोरड्या घशानं बसायची. मग चक्कर यायला लागली, बोलताना नावं विसरायला लागली, एकदा ओट्यावर पडली. तेव्हा तुला फोन केला तो मी. "आईचं आता तिच्या हातात राहिलं नाही," हे वाक्य माझं आहे. तू त्यावर विश्वास ठेवलास, यात तुझा दोष नाही. तू धावत आलास, तिला नेलंस, रबरी चादर आणलीस, डायपर आणलेस. वहिनी मनापासून करतात हे मी मान्य करते. पण वहिनींच्या भाच्याच्या साखरपुड्याला तुम्ही तिला नेलं नाहीत, हॉलमध्ये काही झालं तर, म्हणून. मागच्या आठवड्यात मी वहिनींना स्पष्टच विचारलं, ते डायपर ओले निघतात का. त्या म्हणाल्या, खरं सांगायचं तर एकदाही नाही, पण सवय असलेली बरी. पाच महिने, दादा. पाच महिने रोज कोरडे निघाले आणि कुणाला काही वाटलं नाही. आता तिला तांब्या भरून देता तेव्हा ती तो पिते की इथल्यासारखाच गॅलरीतल्या कुंडीत ओतते, तेवढं बघ.

जगननं वीस मिनिटांत ती डबी काढून टाकली आणि दोन्ही पाइप एकमेकांना जोडून दिले. इंजिन खोलावं लागलं नाही. रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीवर मी नेलपॉलिशनं रेघ मारून ठेवली होती. आज अकरा दिवस झाले, रोज तीन खेपा केल्या, कूलंट रेघेवर आहे. तेवढे दिवस थांबले, कारण पुन्हा एकदा घाईनं काही बोलायचं नव्हतं. परवा बाजाराच्या दिवशी गाडी भरल्यावर मी नसरापूरला खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मे महिन्यात जे ओलं झालं होतं ते गाडीनं केलं होतं, माझ्या आईनं नाही. कुणी हसलं नाही. गेनबा तात्यांनी हिरवा काठ दाखवून साक्ष दिली.

आता हे पत्र कशाला ते सांगते. परवानगी मागायला नाही. रविवारी सकाळी दहापर्यंत मी गाडी घेऊन तुझ्या दारात येते, आईला न्यायला. तो फॉर्म फाडायचा की ठेवायचा ते तू बघ, पण त्यावर तिचं नाव राहणार नाही. ती हिरवी चटईही आणणार आहे, तुला आणि वहिनींना बघायला. त्याआधी शनिवारी संध्याकाळी सगळे घरात असताना हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. मी तिला चारचौघांत खोटं पाडलं, तेव्हा तिचं खरं होतं हेही तिला चारचौघांतच कळलं पाहिजे. बटणाचा भाग गाळू नकोस. ती यायला नाही म्हणाली तर मी परत जाईन, पण ते तिनं सांगायचं, तू नाही. पुढची सीट मी अकरा दिवस कुणाला दिलेली नाही. आणि रविवारी निघायच्या आधी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेव, आणि ती तो पूर्ण पिईपर्यंत तिथून हलू नकोस.

तुझीच, या वेळी न ऐकणारी,
मंगल