फाईल मोकळी नाही

४ सप्टेंबर, दुपारी
आजपासून रोजनिशी. माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. ताईने हात लावला तर घरात रण माजेल, एवढं इथेच नोंदवून ठेवतो.
कॉलेज सोडून सात महिने झाले. सोडलं; काढलं नाही. प्राचार्यांशी तात्त्विक मतभेद होते. मी त्यांच्यावर खुर्ची उगारली असं लोक सांगत फिरतात. खुर्ची माझ्या हातात होती, एवढंच.
बाबांनी काम दिलंय. ते काच कारखान्यात भट्टीवर आहेत, डिसेंबरात रिटायर होणार. नंतर दवाखान्याचा खर्च कंपनी देते की नाही, हे तिथे कुणी धड सांगत नाही. प्लॅनची पुस्तिका मागितली की मॅनेजर म्हणतो, संपल्या. पण कामगार कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर वाचनकक्ष आहे म्हणे. प्रत्येक कंपनीला आपल्या पेन्शनचे, दवाखान्याचे सगळे प्लॅन तिथे जमा करावे लागतात आणि कुणीही जाऊन ते फुकट वाचू शकतं. बाबा म्हणाले, तेवढं एक पान बघून ये. पाच मिनिटांचं काम.
उद्या ते उरकतो. परवापासून नोकरी शोधतो.

५ सप्टेंबर
गेलो. खिडकीत ती होती.
पुढचं नंतर लिहितो. 

५ सप्टेंबर, संध्याकाळी
तिने विचारलं, कुठली फाईल? मी म्हणालो, कुठलीही. ती म्हणाली, असं चालत नाही, नंबर लागतो. मी विचारलं, कारण सांगायचं का? ती म्हणाली, कारण लागत नाही, सगळ्यांचा हक्क आहे हा. 'सगळ्यांचा' म्हणताना माझ्याकडे पाहिलं. ताई म्हणेल, खिडकीसमोर तू एकटाच होतास तर पाहणार कुणाकडे? म्हणून ताईला सांगितलेलं नाही.
गडबडीत तोंडाला येईल तो नंबर सांगितला. साबण कारखाना निघाला. दोनशे बारा पानं. टेबल नंबर चारवरून पान उलटता उलटता खिडकी दिसते.
बाबांनी विचारलं, बघितलंस? म्हटलं, प्रोसेस चालू आहे.

९ सप्टेंबर
नातं बरंच पुढे गेलंय. आज म्हणाली, फाईलवर कोपर टेकू नका, पानं निसटतात. माया असल्याशिवाय कोण बोलतं?

१० सप्टेंबर
टेबल नंबर दोनवर एक माणूस असतो. रोज अकराला येतो. मी आतापर्यंत त्याला फर्निचर समजत होतो. आज तो उठून खिडकीशी गेला, काहीतरी पुटपुटला आणि ती हसली. दात दिसले. मला अजून एकदाही दात दिसलेले नाहीत.
शिपाईकाकांकडून माहिती काढली. बूट कारखान्याच्या युनियनचा आहे. आपल्या कामगारांना इतरांपेक्षा कमी का मिळतं ते शोधायला बारा कारखान्यांचे प्लॅन ताडून बघतोय. वहीत पट्टीने रेघा मारून सगळं टिपतो. मी त्याचं नाव टिपणवाला ठेवलंय. शर्टाच्या खिशात पट्टी घालून हिंडणाऱ्या माणसात बाईमाणसाला काय दिसावं? शिवाय कान बघा त्याचे.

११ सप्टेंबर
तिने त्याला शार्पनर दिला. स्वतःच्या ड्रॉवरमधला. मी पेनने लिहितो म्हणून मला मिळाला नाही, हे मान्य. तरीही डोकं तापलं ते तापलंच.
उद्यापासून पेन्सिल.

१२ सप्टेंबर
पेन्सिल नेली. शार्पनर मागितला. म्हणाली, त्यांच्याकडे आहे, मागून घ्या ना. *त्यांच्याकडे.* बायका नवऱ्याबद्दल बोलतात त्या सुरात.
टिपणवाल्यापुढे जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, घ्या की भाऊ. शिवाय कचरा पडू नये म्हणून खाली कागदही पसरला. काय कपटी माणूस आहे! रागाने टोक चारदा मोडलं. पेन्सिल बोटभर उरली.

१५ सप्टेंबर
सापडलं! भिंतीवर नियम लिहिलेत: एक फाईल एका वेळी एकालाच, आणि एका वाचकाला जास्तीत जास्त पाच. त्याला लागणाऱ्या फायलींची यादी त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आहे, लांबूनही वाचता येते. दहाला दार उघडलं की यादीतल्या पाच मी उचलायच्या आणि पाचपर्यंत सोडायच्या नाहीत. वाचायला काही नसेल तर माणूस येईल कशाला? आठवड्यात गायब. साधा, सोपा, कायदेशीर प्लॅन. कॉलेजात असतो तर असं डोकं चाललं नसतं.

१६ सप्टेंबर
जबरदस्त यश. अकराला आला. ती म्हणाली, फाईल मोकळी नाही. चेहरा पडला त्याचा. म्हणाला, बरं, थांबतो मी.
आणि बसला. खिडकीला लागून बाक आहे, त्याच्यावर.

१६ सप्टेंबर, संध्याकाळी
दोन तास बोलत होते. मी पाच फायलींच्या ढिगामागे, एक शब्द ऐकू येईना. सात वेळा हसली. इतकं हसण्यासारखं पेन्शनमध्ये काय असतं?

१८ सप्टेंबर
घाबरायचं कारण नाही. बाक लाकडी आहे, पाठ टेकायला काही नाही. किती दिवस तग धरेल?

२२ सप्टेंबर
बाकावर उशी आली. तिने घरून आणली. चौकोनी, कडेला झालर.

२५ सप्टेंबर
साहेब बाहेर आले. म्हणाले, हल्ली फायलींची काढघाल फार वाढलीय, हिच्या एकटीने होत नाही. (वाढवणारा मी. अभिमान वाटला.) टिपणवाला बाकावरून म्हणाला, मी रिकामाच बसलोय साहेब, लावू लागतो. साहेब म्हणाले, देव भलं करो तुमचं.
आता ती दोघं आत, रेकॉर्ड रूममध्ये. खिडकीत शिपाईकाका. मी सवयीने दिवसभर खिडकीकडे बघत बसलो. शेवटी काका म्हणाले, भाऊ, नका बघू असं, माझं लग्न झालंय.

२९ सप्टेंबर
नवा डाव. सगळ्यात वरच्या फळीवरच्या, जुन्यात जुन्या फायली मागायच्या. तिथे धूळ असणार. धुळीत माणूस चिडतो. चिडला की खरा स्वभाव दिसतो. तिला त्याचा खरा स्वभाव दिसलाच पाहिजे.

३० सप्टेंबर
वरच्या फळीला शिडी लागते. ती चढते, तो शिडी धरतो.
आज मी अकरा वेळा मागणी केली. (परत केली की नवी मागता येते.) म्हणजे शिडी अकरा वेळा. हिशेब नंतर लक्षात आला.

१३ ऑक्टोबर
बाबा अर्धी रजा टाकून स्वतःच वाचनकक्षात आले. मला सांगितलं नव्हतं. मी तेव्हा टिपणवाल्याची सातवी फाईल अडवून बसलो होतो. विचारलं, आपली काच कारखान्याची कुठाय? म्हटलं, ती अजून मागितली नाही. बाबांनी माझ्यापुढच्या फायली मोजल्या. ओरडले असते तर बरं होतं.
तेवढ्यात टिपणवाला धुळीने पांढरा होऊन बाहेर आला. म्हणाला, काका, बसा. फाईल आणली, चार मिनिटांत पान काढलं. खर्च मिळतो, नवरा-बायको दोघांनाही, पण अर्ज ऑक्टोबर संपायच्या आत करायला हवा. एका चिठ्ठीवर लिहून दिलं. पट्टी लावून फाडली चिठ्ठी.
घरी बाबा आईला म्हणाले, काय गुणी मुलगा आहे गं, कुणाच्या पोटी जन्मलाय कोण जाणे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तू महिनाभर काय वाचत होतास रे? मी साबण कारखान्याची बाळंतपणाच्या रजेची सगळी कलमं घडाघडा म्हणून दाखवली. ताई म्हणाली, बरं झालं, तुला दिवस गेले की उपयोगी पडतील.
आधी ती नेली. आता बाप पण नेला!

३ नोव्हेंबर
बूट कारखान्याची, म्हणजे खुद्द त्याच्या कंपनीची फाईल ताब्यात घेतली. यातून त्याचं बिंग नक्की फुटेल. उदाहरणार्थ, वय लपवलेलं असेल.

१२ नोव्हेंबर
बूट फाईल तीनदा वाचली. त्यात कुणाही माणसाचं नाव, वय, पगार काही नसतं. फक्त नियम. असली कसली उघड माहिती, जिच्यात हवं ते काहीच उघड होत नाही? या विषयावर साहेबांना खरमरीत पत्र लिहिणार.

१९ नोव्हेंबर
पत्र लिहिलं नाही. चौथ्यांदा वाचतोय. कलमं झोपेत येतात.
टिपणवाल्याच्या यादीतल्या अकरा कारखान्यांचं आज त्याने उरकलं. मी जेवायला उठतो तेवढ्या वेळात ती त्याला फाईल देते म्हणे. शिपाईकाका फितूर निघाले, त्यांनीच सांगितलं. माझ्या डब्याच्या वेळा पाळून माझा घात झाला. उद्यापासून डबा बंद. उपाशी माणसाच्या चेहऱ्यावर वेगळं तेज येतं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

२० नोव्हेंबर
तेज आलं नाही. चक्कर आली. शिपाईकाकांनी बिस्किटं दिली.

२६ नोव्हेंबर
बस झालं. सरळ विचारायचं. पुरुषासारखं. चिठ्ठी तयार केली, तीन पानी. पहिलं पान असं: कलम एक, माझं तुमच्यावर प्रेम आहे. कलम दोन, कलम एक मागे घेतलं जाणार नाही. कलम तीन, मुदतीत उत्तर न आल्यास होकार समजला जाईल. पुन्हा वाचताना डोळे भरून आले.
उद्या दहाला, टिपणवाला यायच्या आत. नकाराची शक्यता धरलेली नाही.

२७ नोव्हेंबर
दहा वाजून पाच मिनिटांनी ती खिडकी सोडून स्वतः माझ्या टेबलाशी आली. खुर्ची ओढून समोर बसली. मला चिठ्ठी काढायचीही गरज पडली नाही. म्हणाली, एक विचारायचं होतं, आणि हे तुम्हालाच विचारण्यात अर्थ आहे. मी म्हणालो, विचारा. आवाज घोगरा आला, पण भारदस्त वाटला असेल.
ती म्हणाली, बूट कारखान्याची फाईल साडेतीन आठवडे तुमच्याकडेच आहे, म्हणून विचारते. लग्न झालं की बायकोचं नाव प्लॅनमध्ये किती दिवसांत घालावं लागतं?
मी म्हणालो, तीस. पान एक्केचाळीस. फॉर्म दोन प्रतींत, आणि नातेवाईक नसलेले दोन साक्षीदार. सगळं आपोआप तोंडातून बाहेर पडलं. कुणाचं लग्न, हे विचारायचं सुचलंच नाही. मग तिच्या मागे टिपणवाला उभा दिसला. आज दहालाच आला होता.
ती हसली. दात दिसले.
टिपणवाला म्हणाला, भाऊ, तुमचे उपकार आहेत. माझं काम पंधरा दिवसांचं होतं. फायली वेळेवर मिळाल्या असत्या तर सप्टेंबरातच निघून गेलो असतो, हिच्याशी बोलणं चार शब्दांपलीकडे गेलं नसतं.
परवा लग्नाची नोंदणी आहे. प्लॅनचा फॉर्म आजच भरून ठेवणार होते. पहिली सही शिपाईकाकांची झाली. दुसऱ्याला दोघांच्याही नात्यातलं नसलेलं, रोज इथे असणारं कुणीतरी हवं होतं. तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि बोटाने जागा दाखवली.
सहीखाली एक रकाना होता: साक्षीदाराचा या दोघांशी संबंध. मी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. ती म्हणाली, काही नसेल तर रेघ मारा, चालतं. टिपणवाल्याने पट्टी पुढे केली.
पट्टी घेतली नाही. लिहिलं: वाचक.