पगारी व्यवस्थापक नेमण्याबाबत, सख्ख्या भावास

दि. २ फेब्रुवारी २०१५

प्रति,
मा. श्री. मर्ल डॉटन,
अध्यक्ष, पंचमंडळ,
डॅमन मिल्स, मेन राज्य.

अर्जदार : श्रीमती रोवेना स्टेपल्स, वय ७१, राहणार गिरणीच्या ओढ्यापलीकडे.

विषय : गावाचा कारभार पाहण्यासाठी पगारी व्यवस्थापक नेमावा की नाही, हा प्रश्न मार्चच्या वार्षिक गावसभेत मतास टाकणेबाबत.

संदर्भ : दि. २५ जानेवारी रोजी आपल्या स्वयंपाकघरात झालेले बोलणे. त्या वेळी आपण "असं तोंडी नको, लेखी दे" असे म्हणून उठून गेलात.

महोदय,

आपल्या आज्ञेप्रमाणे लेखी देत आहे. आपण अर्जदाराचे सख्खे धाकटे भाऊ आहात, ही बाब निर्णय घेताना विचारात घेऊ नये. अर्जदारानेही ती बाजूला ठेवली आहे.

१. गेल्या एप्रिलमध्ये बर्फ वितळून ओढ्याला पूर आला व लाकडी पूल वाहून गेला. पलीकडे घरे दोनच : एक अर्जदाराचे, दुसरे श्री. ऑरिन बील, वय ८४, यांचे. तेव्हापासून गावात यायचे तर जंगलातल्या ओंडके वाहण्याच्या रस्त्याने चौदा मैलांचा वळसा पडतो. पुलाचा ठराव पंचमंडळापुढे नऊ वेळा आला. आपले म्हणणे, पूल राज्य सरकारचा. दुसरे पंच श्री. हार्लन पीझ यांचे म्हणणे, पूल गावाचाच, पण ओढा सरकारचा. निकाल तिसऱ्या पंच श्रीमती बर्निस कोल यांच्या मतावर अडला. उन्हाळ्यात त्या गावात होत्या, तर श्री. पीझ गवतकापणीत होते. ऑक्टोबरपासून त्या फ्लोरिडात असतात आणि सभेला फोनवरून हजर राहतात. डिसेंबरच्या सभेत आपण त्यांचे मत विचारले, तेव्हा फोनमधून घोरणे ऐकू आले. इतिवृत्तात "श्रीमती कोल तटस्थ" अशी नोंद आहे.

२. नोव्हेंबरच्या अकरा तारखेला श्री. बील पायरीवरून पडले व त्यांचे मांडीचे हाड मोडले. रुग्णवाहिका वेळेवर आली, ती ओढ्याच्या गावाकडच्या काठापर्यंत. वळसा घालायला वेळ नव्हता, म्हणून दोन माणसे पाण्यात उतरून पलीकडे आली आणि म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर घेऊन पुन्हा मांडीभर पाण्यात शिरली. अर्जदार स्ट्रेचरची एक बाजू धरून चालत होती. मध्यावर पाणी स्ट्रेचरला लागले, तेव्हा श्री. बील म्हणाले, "रोवेना, हे मला दवाखान्यात नेतायत की बाप्तिस्मा देतायत?" अर्जदार हसली. घरी येऊन ओले बूट काढताना मात्र तिला हसू आले नाही. श्री. बील आता बँगरला मुलीकडे असतात. ते परत येणार नाहीत.

३. नाताळच्या आठवड्यात त्यांना भेटायला आपण अर्जदारास आपल्या गाडीतून बँगरला नेलेत, याबद्दल आभारी आहे. वाटेत हातमोजा खाली पडला म्हणून अर्जदाराने सीटखाली हात घातला. हाताला राज्य सरकारचे पाकीट लागले. ते जुलैचे होते आणि फोडलेलेही नव्हते. अर्जदाराने ते फोडले. आत लिहिले होते की पूल गावाचा आहे, परंतु गावाने ३० सप्टेंबरपूर्वी कळवल्यास तो बांधण्यास सरकार मदत करील. अर्जदाराने ते मोठ्याने वाचून दाखवले. त्यावर आपण म्हणालात, "अगं, गावाची सगळी टपालं तिथंच असतात. ही गाडीच माझं ऑफिस आहे. आणि मला कुठं कोण पगार देतंय?"

हे शेवटचे वाक्य अर्जदारास पूर्णपणे मान्य आहे. हा अर्ज त्याच वाक्यावर उभा आहे.

४. व्यवस्थापकाविरुद्ध गावात काय बोलले जाते, हे अर्जदारास ठाऊक आहे, कारण २००९ च्या सभेत तेच ती स्वतः उठून बोलली होती. "परगावचा माणूस येऊन आपल्याला काय शिकवणार?" असे ती म्हणाली व लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्री. पीझ हल्ली पशुखाद्याच्या दुकानात सांगत असतात, "घरचा कुत्रा असताना भुंकायला भाड्याचा माणूस कशाला?" घरचा कुत्रा दहा महिने भुंकला नाही तर काय करावे, हे त्यांनी सांगितलेले नाही.

व्यवस्थापक आपल्यापेक्षा हुशार असेल, असा अर्जदाराचा दावा नाही. तोही टपाल हरवील. पण त्याला खुर्चीसमोर उभे राहून विचारता येईल, "पत्र कुठं आहे?" आणि उत्तर आले नाही तर घरी पाठवता येईल. आपल्याला विचारले की आपण जेवणावरून उठता, आपल्या पत्नी रडतात आणि पुढचे तीन रविवार कोणी कोणाकडे जात नाही. निवडणुकीत पाडावे, तर आपल्याविरुद्ध कोणी उभे राहत नाही. हे काम गावात कोणालाच नको आहे. खरे तर आपल्यालाही नको आहे.

५. हा विषय सभेपुढे यावा म्हणून अर्जदाराने जानेवारीत, दर शनिवारी सगळे गाव कचरा टाकायला येते त्या कचरा डेपोवर उभे राहून सह्या जमवल्या. उणे वीस थंडीत पेनातली शाई गोठल्यामुळे लोकांनी पेन्सिलीने सह्या केल्या. पेन्सिल चालत नाही, म्हणून आपण ते कागद परत केलेत. पुढच्या शनिवारी अर्जदार पेनांना काखेत ऊब देऊन पुन्हा उभी राहिली. आता चौऱ्याहत्तर सह्या आहेत, सर्व शाईच्या. अकरावी आपल्या पत्नीची आहे. त्यांच्यावर रागावू नये. सही करून त्या एवढेच म्हणाल्या, "निदान मर्ल रात्रीचं जेवण तरी गरम जेवेल."

६. एक गोष्ट आपणास आजवर सांगितली नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी भरसभेत आपले नाव अर्जदारानेच सुचवले. गावाला तेव्हा पंच हवाच होता असे नाही. आपण गिरणीतली नोकरी सुटून सहा महिने आईच्या सोफ्यावर पडून होतात, आणि आई म्हणाली, "मर्लला काहीतरी काम बघ गं." अर्जदाराने भावाची सोय पाहिली, गावाची पाहिली नाही. त्याचे प्रायश्चित्त म्हणून हा विषय मार्चच्या सभेपुढे ठेवावा, ही विनंती. सभेत प्रस्तावाच्या बाजूने पहिली बोलायला अर्जदारच उठेल, आणि आपले नाव घेणार नाही.

आपली नम्र, आणि थोरली,
रोवेना स्टेपल्स

सोबत : सह्यांचे कागद, चार.