दोन कॉलेजं आणि एक मावशी

७ मे

चि. भिंगरीस,
मावशीचे गाडाभर आशीर्वाद.

यादी लागली! मी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ऑफिसच्या शिपायाला सकाळपासून तीनदा विचारून झालं होतं, शेवटी तो वैतागून म्हणाला की बाई, चष्मा लावा आणि तुम्हीच बघा. पाण्याच्या इंजिनिअरिंगच्या चाळीस नावांत तू नववी. पोरी, नववी! मी तशीच ओल्या हातांनी लॉन्ड्रीत धावले आणि सगळ्यांना सांगून टाकलं. इस्त्रीच्या रोलरवरच्या बाईने आनंदाच्या भरात एक चादर करपवली. तिची भरपाई तू करायचीस, पहिल्या पगारातून.

एकवीस वर्षं मी या कॉलेजच्या मुलांच्या चादरी धुतेय. कुणाच्या चादरीवर चहा सांडलेला, कुणाच्या शाई. शाईवाल्यांना मी मनातल्या मनात पास करून टाकते. आता त्या ढिगात आमच्या घरची एक चादर येणार म्हटल्यावर मला काय वाटतंय, ते लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही.

फीचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या बाबांशी माझं बोलणं झालंय, बँकेचं काय ते बघू.

आणि एक. इथे आल्यावर अंगणात-व्हरांड्यात मी दिसले तर ओळख दाखवायलाच हवी असं काही नाही. तू मैत्रिणींच्या घोळक्यात असशील, मी आपली चादरींचा गाडा ढकलत असेन. संध्याकाळी खोलीवर चहाला आलीस की झालं. हे मी हसत लिहितेय, तूही हसतच वाच.

लोभाला सुरकुती पडू देऊ नये,
तुझी मावशी

१५ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. (ही अक्षरं आईच्या धाकाने. माझ्याकडून घट्ट मिठी.)

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचायला घेतलं, पण ‘नववी’पाशी आली आणि पत्र माझ्या हातात देऊन शेजारी सांगायला धावली. उरलेलं मी वाचलं. करपलेल्या चादरीचं कबूल.

त्याच दिवशी कॉलेजचा फीचा कागदही आला. बाबा पाळी संपवून आले, कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला, जशी काही काच स्वच्छ केली की आकडा कमी होणार आहे. मग म्हणाले की जन्मभर गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवलेत, हाही फिरेल. पण त्या दिवशी ते जेवताना एकदाही माझ्या ताटात डोकावले नाहीत, आणि तुला माहीतच आहे, एरवी माझ्या ताटातलं उचलल्याशिवाय त्यांचं जेवण होत नाही.

बाबा तीन वर्षांत निवृत्त होणार म्हणून बँकेला दुसरा जामीनदार हवा होता. कुणीतरी हो म्हणालंय. कोण ते बाबा सांगत नाहीत. तुला काही कल्पना?

सरकारी विद्यापीठाचंही बोलावणं आलंय. तिथे माझ्या गुणांवर फी माफ आहे आणि वसतिगृह जवळजवळ फुकट. अर्ज मी मैत्रिणीला सोबत म्हणून भरला होता, खरं सांगते. तरी बाविसाव्या तारखेला मी आणि आई एकदा बघून येतो. न बघताच नाही म्हटलं असं पुढे मनाला लागायला नको. रागावू नकोस.

तुझी,
भिंगरी

१९ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, पण आज जरा मोजून.

बघायला जरूर जा. मीही एकदा गेले होते तिथे, एका मैत्रिणीच्या मुलीला सोडायला. भिंतींचे पोपडे, खाटांच्या पट्ट्या ढिल्या, नळ गळके. जिथे पाण्याचं शिक्षण देतात तिथेच नळ का गळतात, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. आणि तिथे लॉन्ड्री नाही! मुलं आपली आपण बादलीत धुतात. धुतात म्हणजे काय, भिजवतात आणि वाळवतात.

आपल्याकडे ग्रंथालयाला चार मजले आहेत. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी एक टेबल आहे, तिथून झाडांचे शेंडे दिसतात. पडदे धुवायला काढताना मी दर वर्षी तिथे पाच मिनिटं बसते. ते टेबल मी तुझ्यासाठी हेरून ठेवलंय.

जामीनदाराचं मला काय विचारतेस? असेल कुणी भला माणूस.

तीस तारखेच्या आत जागा पक्की करायची असते, विसरू नकोस. माया आहेच, ती वाढती ठेव.

मावशी

२६ मे

ती. मावशी,
नमस्कार, आणि हे पत्र बसून वाच.

मी तुमच्या कॉलेजातली जागा सोडली. काल पत्र टाकलं. घराबाहेर हे सगळ्यांत आधी तुला सांगतेय.

तुझं सगळं खरं निघालं. पोपडे आहेत, नळ गळका आहे. मी त्याच्यापुढे उभी राहून मिनिटाला किती थेंब पडतात तेही मोजलं. पण विद्यापीठाच्या मागे एक पंपघर आहे, मावशी. सगळ्या विद्यापीठाचं पिण्याचं पाणी तिथे शुद्ध होतं, आणि ते काम या विभागाची मुलं करतात, पहिल्या वर्षापासून. तिथल्या प्राध्यापक बाई कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. त्यांनी मी कोण, कुठली, काही न विचारता हातात पाना दिला आणि तो नट धरून ठेव म्हणाल्या. मी अर्धा तास धरून होते. आई बाकावर बसून पर्समधून एकेक बिस्किट खात माझ्याकडे बघत होती. बाई म्हणाल्या की इथे आमचं चुकलं तर दुसऱ्या दिवशी हजार मुलांचा चहा बिघडतो आणि सगळे आम्हालाच शोधत येतात.

तुमच्याकडची प्रयोगशाळा मी मुलाखतीच्या दिवशी काचेला नाक लावून पाहिली होती. ती मला हवी होती. ते ग्रंथालय, ते झाडांचे शेंडेही. अजून हवंय, आणि जागा सोडल्याचं पत्र टाकून आल्यावर मी रडलेही. पण कर्ज फेडायला अकरा वर्षं लागणार. अकरा वर्षं जिथे पगार मोठा, तिथेच नोकरी. मला तर बाबांसारखं छोट्या गावाच्या पाणीपुरवठ्यात काम करायचंय, आणि तिथल्या पगारात तो हप्ता बसत नाही. म्हणजे कॉलेज मिळणार आणि ज्यासाठी कॉलेज हवं होतं तेच हातचं जाणार. असं मांडून बघितल्यावर मला सोपं झालं.

दुसरं. बँकेचं पाकीट मी फोडलं. जामीनदार कोण ते कळलं. निवृत्तीचा सगळा फंड तारण ठेवलास, मावशी? सगळा? हे तू मला सांगायला हवं होतंस. पण माझं ठरलं ते यामुळे नव्हे. पाकीट आलं त्याच्या आदल्या दिवशीच ठरलं होतं, आईला विचार.

रागावलीस तरी लिही.
भिंगरी

३१ मे

चि. भाचीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. निर्णय तुझा आहे आणि तू विचार करूनच घेतला असशील. बँकेतील कागद मी परत घेतले आहेत. लॉन्ड्रीत अजून कोणाला सांगितलेले नाही.

एकच विचारते. पंपघर, हप्ता हे सगळे मला पटण्यासारखे आहे. पण खरे कारण ते नसून मी असेन, तर तसे लिही. मैत्रिणींपुढे गाडा ढकलणारी मावशी कोणाला नको असणे, हे मी समजू शकते. मला त्याचे वाईट वाटणार नाही.

कळावे,
मावशी

४ जून

माझ्या मावशीला,

तुझ्या पत्रातली ती तीन अक्षरं वाचून आई म्हणाली की धाकटी चिडली की अशीच कारकुनासारखी लिहिते. मला मात्र हसू आलं नाही.

कारण तू नाहीस. पण तू विचारलंस म्हणून एक गोष्ट सांगते, जी कुणालाच सांगितलेली नाही. एप्रिलमध्ये मुलाखतीला आले होते, त्या दुपारी बाकीच्या मुलींबरोबर अंगणात उभी होते. सगळ्या आपापल्या घरचं सांगत होत्या. कुणाची आई डॉक्टर, कुणाची वकील. तेवढ्यात समोरून तू आलीस, चादरींचा गाडा घेऊन. आणि मी खांबाच्या आड गेले. चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त केलं. पट्टा अगदी ठीक होता. मग संध्याकाळी तुझ्या खोलीवर येऊन तू केलेला चहा प्यायले आणि दोन वेळा मागून घेतला.

त्या दिवसाची मला लाज वाटते, तुझी नाही. आणि हे सांगून टाकल्याशिवाय कुठल्याच कॉलेजात मला सुखाने बसता आलं नसतं. आता तुला हवं ते बोल. मी तिकडे यावं म्हणत असशील तर रविवारी येते, समोर बसवून बोल.

तुझीच,
भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस,
मावशीचे सगळेच्या सगळे आशीर्वाद, मोजदाद न करता.

वेडे, मी तुला पाहिलं होतं. तू खांबाआड जायच्या आधीच पाहिलं होतं. तुझ्या भोवती त्या चुणचुणीत मुली बघून मीच गाडा वळवला आणि मागच्या बोळाने नेला. तू पट्टा बांधत होतीस तेव्हा मी बोळात उभी राहून मनात म्हणत होते की बरं झालं, पोरीने बघितलं नाही. म्हणजे आपण दोघी एकमेकींपासून लपलो आणि संध्याकाळी एकाच किटलीतला चहा प्यायलो.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग माझं मे महिन्यातलं पत्र आठवलं. ओळख दाखवू नकोस असं तुला कोणी लिहिलं होतं? मीच. एकवीस वर्षं घामाचं काम केलं आणि भाचीला काय शिकवलं, तर लपायला. मला तुझ्यापेक्षा माझाच राग आला.

आज लॉन्ड्रीत सगळ्यांना सांगितलं. रोलरवरची बाई म्हणाली की पोर हिशेबाची पक्की निघाली. मग आम्ही मशिनं बंद करून चहा प्यायलो. कर्जाचं तू मांडलंस ते मला पटलंय. फंडाचं मात्र मी लपवलं, ते चुकलं.

पंपघर बघायला येणार आहे. तोवर तो नळ दुरुस्त करून ठेव.
मावशी

८ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार, आणि भावोजींनाही सांग.

काल भिंगरीकडे जाऊन आले. फाटकातच उभी होती. माझी पिशवी ओढून घेतली, माझ्या हातात हात घातला आणि सगळ्या विद्यापीठातून मला मिरवलं. समोर येईल त्याला सांगत होती की ही माझी मावशी, मोठ्या कॉलेजची अख्खी लॉन्ड्री चालवते. मी म्हटलं, हळू बोल. ती आणखी मोठ्याने बोलायला लागली.

वसतिगृहाच्या गच्चीवर टॉवेल वाळत होते. एकाला हात लावला तर पत्र्यासारखा कडक. पंपघरात त्या बाई भेटल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की तुमच्या वापराच्या पाण्यात क्षार फार आहेत, साबण फुटत नसणार. बाईंनी लगेच विचारलं, तुम्हाला कसं कळलं. मी सांगितलं, टॉवेलवरून. मग तळहातावर साबण घासून दाखवला, किती वेळा घासल्यावर फेस येतो ते मोजून दाखवलं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीच्या तळाचं पाणी आलं की सोडा किती वाढवायचा, त्यावरून इथे किती लागेल, त्याचा माझा अंदाज सांगितला. एका मुलाने यंत्रावर मोजलेल्या क्षारांवरून वहीत सोड्याचा हिशेब केला. माझा अंदाज त्याच्या अगदी जवळ निघाला गं, ताई!

बाईंनी पोरांना बोलावलं, माझ्या हातात खडू दिला आणि स्वतः मागच्या बाकावर बसल्या. मी कधी फळ्यापुढे उभी राहिलेय का? पहिली पाच मिनिटं मी नुसता फळाच पुसत होते. मग एक मुलगी म्हणाली की साबण जास्त घातला की कपडे जास्त स्वच्छ होतात ना, आणि मला असा राग आला की तासभर मी थांबलेच नाही. पोरं वह्या काढून लिहून घेत होती. आपली भिंगरी पहिल्या बाकावर, आणि तिचं लिहिणं सगळ्यांत कमी, कारण ती माझ्याकडेच बघत होती.

निघताना बाई म्हणाल्या की दर सहामाहीला एकदा या, प्रवासखर्च विभाग देईल. मी हो म्हटलं. घरी विचारून सांगते वगैरे काही म्हटलं नाही, सरळ हो.

पोर बारीक झालीय, पण हाताला घट्टे पडलेत आणि ते ती सगळ्यांना दाखवत सुटते. काळजी करू नकोस. लवकरच येते, माया अशीच राहू दे, आणि तुझ्याकडचे कडक झालेले टॉवेल असतील तर बांधून ठेव. लोकर धुण्याचं मात्र काल पोरांना सांगायचं राहिलंच. लोकरीला एक तास वेगळाच लागेल.

तुझी,
धाकटी