डाळिंबी रंगाचा डबा

जालना
दि. २ जून १९९२

चि. सत्यशीला हिस,

बद्रीनाथचे आशीर्वाद. आम्ही दोघे इकडे ठीक आहोत. तुझी, रामरावांची व घरच्या सर्वांची खुशाली कळव. ऊन अजून उतरलेलं नाही. तुझ्या आत्याबाईंचे गुडघे दुखतात, पण काम थांबवत नाहीत.

परवा रामरावांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं आहे की या वर्षीचे बी.एड.चे फॉर्म निघाले, ४ जुलै शेवटची तारीख आहे, पण तू फॉर्मला हात लावायला तयार नाहीस. तू म्हणतेस, 'मी फॉर्मसाठी मागं लागले म्हणून हे सोमवारऐवजी शनिवारीच औरंगाबादला गेले आणि परत आले नाहीत. त्या फॉर्मवर मी शिकणार नाही.' मी समजूत घालावी असं रामरावांचं म्हणणं आहे. रामराव तुझे वडील, आयुष्यभर मास्तर राहिले, त्यांचं तू ऐकत नाहीस तर माझं काय ऐकणार. तरी लिहितो. फॉर्म भर. तुला सव्विसावं चालू आहे. जांबला भावाच्या घरी किती दिवस राहशील? तुझ्या नवऱ्याची, आमच्या भानुदासचीच इच्छा होती की तू शिक्षिका व्हावंस.

दहाव्याला घाटावर तुझ्या आत्याबाई जे बोलल्या ते मनात धरू नकोस. सासू झाली तरी पोरगा गेलेल्या बाईच्या तोंडाला त्या वेळी धरबंध नसतो.

दुसरी बातमी अशी की भानुदासची गाडी पुरी झाली.

सुरुवात तू पाहिलेलीच आहेस. रद्दीतल्या इंग्रजी मासिकातलं ते शर्यतीच्या जुन्या गाडीचं चित्र, लांब नाकाची, उघड्या चाकांची, एकाच माणसाला बसायला जागा असलेली. भानुदासनं माप काढायला माझ्याकडे आणलं. मी जन्मभर मोजणी ऑफिसात नकाशे केले. मी म्हटलं, रुपयाला आणा धर, म्हणजे सोळाव्या हिश्शाची गाडी, दहा इंच लांब. शिवणीचं लाकूड, शेडवाल्या भुजंगच्या लेथवर काढलेली चाकं, सायकलच्या ब्रेकवायरीच्या बारीक तारांचे आरे, धुराचा पाइप म्हणून जुन्या ट्रान्झिस्टरचा एरियल. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना हवेच्या चिरा त्यानं ब्लेडनं पाडल्या, एका बाजूला बावीस, दुसऱ्या बाजूला बावीस. नुसत्या त्या चिरांनाच दीड महिना लागला होता. फटींत लांबीची पुटी भरून, पाण्याच्या कागदानं घासून गाडी तयार होती. रंग तेवढा राहिला होता.

तो मी दिला. सात हात दिले. प्रत्येक हात वाळला की पाण्याच्या कागदानं घासायचं, पुसायचं, धूळ बसू नये म्हणून वर पातेलं झाकायचं. शेपटीवर पांढरा गोल काढून आठ आकडा घातला, नकाशावर घालतो तसा. रंग अगदी त्याला पाहिजे होता तोच आहे, डाळिंबाच्या दाण्यासारखा. ट्रॅक्टरचा लाल नाही.

वर्षश्राद्ध २४ तारखेला आहे. यायचं जमलं तर ये, आग्रह करत नाही. त्याआधी फॉर्मचं काय ते ठरव.

तुझा मामा,
बद्रीनाथ


जालना
दि. ११ जून १९९२

चि. सत्यशीला हिस,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. वर्षभरात तुझं पहिलंच पत्र, आणि त्यात एकच ओळ. 'मामा, तो रंग तुम्हाला कुठं मिळाला? जालन्यात तो रंग मिळत नाही, हे दहा दुकानं फिरून आले होते.'

रंग भुजंगनं आणून दिला. त्याच्या शेडवरचा एक माणूस मार्चमध्ये लग्नाला औरंगाबादला गेला होता, त्याला मी चिठ्ठी दिली होती. स्टेशनरोडच्या कुठल्यातरी दुकानातून त्यानं आणला. चिठ्ठीवर रंगाचा नंबर लिहिला होता. नंबर भानुदासच्या वहीत होता. वही सध्या सापडत नाही.

इकडे सर्व ठीक. परवा वारा सुटला होता, पत्र्यावर फार आवाज झाला.

तू फॉर्मबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. रंगाचं सोड, फॉर्मचं लिही. दिवस थोडे राहिलेत.

तुझा मामा,
बद्रीनाथ


जालना
दि. २५ जून १९९२

चि. सत्यशीला,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. भुजंगनं रंग आणला नाही. त्याच्या शेडवरचा कोणी माणूस लग्नाला गेला नव्हता. भुजंगला यातलं काहीच माहीत नाही.

तो रंग भानुदासनं आणलेला आहे.

मला लिहिण्याची सवय नाही. पंचनामा लिहितात तसं एकामागं एक लिहितो.

गेल्या वर्षी ६ जुलै, शनिवार. तू आणि तुझ्या आत्याबाई सकाळच्या गाडीनं राजूरला गणपतीला गेल्या. घरात आम्ही दोघंच. भानुदासचा हाफ डे होता. दुपारी तो मोंढ्यातून ट्रॅक्टरचा लाल घेऊन आला. म्हणाला, 'आबा, हाच मारून टाकतो. तो दुसरा रंग औरंगाबादशिवाय मिळत न्हाई. सत्यशीलाच्या फॉर्मसाठी सोमवारी जायचंच आहे, पण तोवर कोण थांबणार.'

मी म्हणायला पाहिजे होतं की मार. गाडी त्याची होती. पण मी म्हणालो, 'मोजणीत एक आणा चुकला तर बांधावर डोकी फुटतात. तीन महिने बराबर काम केलंस आणि शेवटी असला रंग फासणार? अर्धवटच सोडायचं तर सुरू कशाला केलं?' तो हसला. म्हणाला, 'आबा, खेळणं आहे ते. कोण बघणार आहे?' त्यावर मी बोललो, 'तुझं सगळं असंच.'

त्यानं कॉलेज अर्धवट सोडलं होतं, त्यावरचाच हा टोमणा आहे हे त्याला कळलं. मी ते तसंच म्हटलं होतं.

त्यानं ट्रॅक्टरच्या रंगाचा डबा दुकानात परत करायला पिशवीत टाकला. आभाळ भरून आलं होतं, तरी मी थांब म्हटलं नाही. उलट म्हटलं, 'जल्दी जा, दुकानं बंद होतील. उद्या रविवार आहे, दोघं मिळून रंगवू.' मोटारसायकल दाराबाहेर काढून त्यानं किक मारली आणि तिथूनच म्हणाला, 'जाऊनच राह्यलो तर तिचा फॉर्म पण घेऊन येतो. सोमवारचा खेटा वाचंल.'

हे त्याचं वाक्य तू नीट वाच. तो फॉर्मसाठी गेला नाही. मी पाठवला म्हणून गेला आणि जाता जाता तुझी आठवण ठेवली. तू आदल्या दिवशी त्याला दोनदा सांगितलंस की दहादा, त्यानं काही फरक पडला नसता. तू सोमवारला हो म्हणाली होतीस आणि त्याच्याही मनात सोमवारच होता.

परत येताना बदनापूरच्या पुढं पावसात ट्रक आला, ते तुला ठाऊक आहे.

दवाखान्यात हवालदारानं त्याची पिशवी माझ्या हातात दिली. वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तुझा फॉर्म, कोरडा. खाली रंगाचा डबा, एका बाजूनं चेपलेला. तुम्ही सगळे यायच्या आत मी डबा काढून बंडीच्या खिशात घातला. का, ते मला आजही सांगता येत नाही. घरी आल्यावर तो माझ्या मोजणीच्या साखळीच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. पिशवीत फॉर्म तेवढा राहिला. तुझ्या आत्याबाईंनी पिशवी उघडली, तर त्यांना काय दिसणार?

दहाव्याला घाटावर त्या तुला सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'हिच्या कागदापायी माझं लेकरू गेलं.' तू मान खाली घालून उभी होतीस. मी चार हातांवर होतो. त्या वेळी मला हलकं वाटलं, सत्यशीला. बाकी सगळं लिहिलं, पण हे लिहायला मला दिवेलागणीपासून आत्तापर्यंतचा वेळ लागला.

तेराव्यानंतर रामराव तुला घेऊन गेले तेव्हा मी बस स्टँडपर्यंत आलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

फेब्रुवारीत मी पेटी उघडली आणि गाडी रंगवायला घेतली. पोराचं काम पुरं करतो असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तो डबा संपवायचा होता. त्या एवढ्याशा गाडीला तीन हात पुरे होते. मी सात दिले. चौथ्या हातालाच बॉनेटच्या चिरा बुजायला लागल्या, मला दिसत होतं. तरी देत राहिलो. आता त्या चव्वेचाळीस चिरांपैकी एकही दिसत नाही. त्याचं दीड महिन्याचं काम मी बुजवून टाकलं आणि तुला कौतुकानं कळवलं की सात हात दिले.

तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझ्या कार्डाला उत्तर म्हणून मी लग्न, चिठ्ठी, वही असं काय काय रचलं. तुला ते पटलं नसणार.

परवा, श्राद्धाच्या आदल्या दिवशी, तुझ्या आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. गाडी फळीवर होती. त्यांनीही तेच विचारलं.

'एवढं गाडीभर फासलं, हा रंग कुठून आणला हो?'

मी म्हटलं, 'भानूनं आणलेला आहे.'

'कधी?'

'त्या दिवशी. मीच पाठवला होता.'

त्यांचे हात थांबले. त्यांनी मुठीतले तांदूळ सुपात सोडले. मग म्हणाल्या, 'आन् मी त्या पोरीला घाटावर बोलले, तवा तुम्ही कुठं होता?'

'तिथंच.'

'ऐकून राह्यलते?'

'हो.'

'मंग तुमच्या जिभेला काय झालतं?'

त्या उठल्या, सूप आत ठेवलं, परत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, 'मी तिला सगळ्यांसमोर बोलले, तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं. उद्या पानं वाढायच्या आधी. न्हाई सांगितलं तर मी एकाही माणसाला जेवू देणार न्हाई, मंग भटजी असो का माझा भाऊ.'

काल घाटावर होते त्यातले बहुतेक सगळे आले होते. तू आली नाहीस ते बरं केलंस असं आधी वाटलं, नंतर वाटलं तू समोर पाहिजे होतीस. पानं मांडून झाली. त्या दाराच्या चौकटीत वाढायची बादली घेऊन उभ्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. मी उभा राहिलो. वर लिहिलंय तेवढंच सांगितलं, डब्याचंही सांगितलं. कोणी मान वर केली नाही. मग तुझ्या आत्याबाईंचे भाऊ काकासाहेब म्हणाले, 'दाजी, वर्षभर दम धरला, अजून घंटाभर धरला असता तर लोक जेवले तरी असते.'

कोणीतरी हसलं. त्यावर त्या बादली खाली ठेवून म्हणाल्या, 'काकासाहेब, तू घाटावर माझ्या शेजारी उभा राहून मान हलवत होतास. गुमान जेव.'

त्यानंतर सगळे जेवले. मीही बसलो. माझ्या पानावर त्यांनी वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. आजही पाहत नाहीत.

आज सकाळच्या बसनं मी औरंगाबादला गेलो. वर्षभरात त्या रस्त्यानं गेलो नव्हतो. बदनापूर आलं तेव्हा डोळे मिटून घ्यावेत असं मनात आलं, पण उघडे ठेवले. फॉर्म आणला आहे. पोस्टानं तो कधी पोहोचेल याचा भरवसा नाही, म्हणून पत्र आणि फॉर्म तुझ्या आत्याबाईंकडे देतो आहे. रविवारी त्या एकट्याच जांबला येतील. मी येत नाही. 'तुम्ही आलात तर ती तुमच्याकडंच बघत बसंल, माझं ऐकणार न्हाई,' असं त्या म्हणाल्या. त्या तुझ्या घरच्यांसमोर काय बोलतील ते मला सांगितलेलं नाही. त्यांना पाणी दे, बसायला सांग. पुढचं तुझ्या मनावर.

हे पत्र रामरावांना दाखव. तुझ्या भावाला, वहिनीला दाखव. गावात ज्यांनी ज्यांनी ते वाक्य ऐकलं असेल त्यांना वाचून दाखव. झाकून ठेवू नकोस.

फॉर्मवर नवऱ्याच्या नावाची जागा आहे, तिथं भानुदासचं नाव बिनदिक्कत लिही. मार्कमेमोच्या नकला दोन लागतात. फोटो तीन. फॉर्म स्वतः जाऊन दे, दुसऱ्याच्या हाती पाठवू नकोस, आणि पोच घे.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. मला उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल, फॉर्म नेऊन दे. ४ तारखेच्या आत.

त्या दिवशी भानुदासला औरंगाबादला पाठवणारा,
बद्रीनाथ